जँगो: वाचनालयाच्या देवघेवीसाठी मॉडेल्स कशी मांडावीत?

प्रश्न

गावच्या वाचनालयासाठी जँगो ५.२ (पायथॉनमध्ये वेब-ॲप बनवण्याची चौकट) मध्ये देवघेवीचं छोटं ॲप करतो आहे. सुमारे ३,००० पुस्तकं, २५० सभासद, काउंटरवर दोन संगणक. डेटाबेस एसक्यूलाइट (सगळा एकाच फाइलमध्ये राहणारा). सध्या 'पुस्तक' मॉडेलमध्येच (मॉडेल म्हणजे डेटाबेसमधल्या एका टेबलाची मांडणी) नाव, लेखक, 'कोणाकडे' (सभासदाची फॉरेन की, म्हणजे त्याच्या नोंदीकडे बोट दाखवणारं फील्ड) आणि दिल्याची तारीख आहे. पुस्तक परत आलं की 'कोणाकडे' रिकामं करतो, त्यामुळे आधी कोणी नेलं होतं ते कळत नाही. चार प्रती असल्या तर तीच माहिती चारदा भरावी लागते. सर्व्हर दोन-तीन दिवस चालू राहिला तर तारीख जुनीच पडते. आणि शोधात 'कऱ्हाडे' टाकलं की काही नोंदी येतात, काही येत नाहीत. दिसायला अक्षरं सारखीच आहेत.

उत्तर १

पुस्तक नेणं ही एक घटना आहे, तिला स्वतःचं टेबल द्या. 'पुस्तक'मध्ये नाव, लेखक, प्रकाशक एवढंच. 'प्रत'मध्ये पुस्तकाची फॉरेन की आणि दाखल नोंदवहीतला दाखल क्रमांक, तो युनिक. मग 'सभासद', आणि 'देवघेव': प्रत, सभासद, दिल्याची तारीख, मुदत, परतीची तारीख. शेवटची नल (म्हणजे रिकामी) चालू द्या. ती रिकामी म्हणजे प्रत बाहेर. पुस्तक आलं की ती तारीख भरायची, ओळ पुसायची नाही.

देवघेवीतल्या दोन्ही फॉरेन कींना ऑन-डिलीट प्रोटेक्ट द्या (जोडलेल्या ओळी असेपर्यंत मूळ नोंद पुसू न देणारा पर्याय). कॅस्केड ठेवलंत आणि कोणी ॲडमिनमधून सभासद काढला, तर त्याच्या सगळ्या देवघेवीही जातील. सभासदत्व सोडणाऱ्यासाठी 'चालू' असं एक बुलियन (हो/नाही) फील्ड पुरे.

आता सर्वांत महत्त्वाचं. 'एक प्रत एका वेळी एकाकडेच' हा नियम फक्त व्ह्यूमध्ये (पानाची विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) तपासू नका. सेव्हचं बटण चुकून दोनदा दाबलं गेलं तर दोन्ही विनंत्या 'प्रत आत आहे' असंच पाहतात आणि दोन ओळी पडतात. देवघेव मॉडेलच्या मेटा या भागात युनिक कन्स्ट्रेंट (दुबार नोंद रोखणारा नियम) लावा: फील्ड 'प्रत', कंडिशन 'परतीची तारीख नल'. मग दुसरी ओळ डेटाबेसच नाकारतो. व्ह्यूमध्ये सेव्ह ट्रान्झॅक्शन-ॲटॉमिकच्या (सगळं होईल किंवा काहीच नाही) आत ठेवा, डेटाबेसने नाकारल्यावर येणारी इंटिग्रिटी एरर बाहेर पकडा आणि 'ही प्रत आधीच दिलेली आहे' असा निरोप दाखवा.

जुना डेटा हलवताना एकाच मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलमध्ये) सगळं करू नका. आधी सर्व्हर बंद करून डेटाबेसच्या फाइलची प्रत काढा. पहिल्या मायग्रेशनात नवी टेबलं. दुसरं रिकामं मायग्रेशन काढून त्यात रन-पायथॉनने (मायग्रेशनमध्ये स्वतःचं फंक्शन चालवण्याची सोय) ओळी भरा. आकडे जुळले की तिसऱ्यात जुनी फील्ड्स काढा. रन-पायथॉनमध्ये मॉडेल थेट इम्पोर्ट न करता ॲप्स-गेट-मॉडेलने घ्या, म्हणजे त्या टप्प्यावरचं मॉडेल मिळतं. थेट घेतलंत तर आजचं मॉडेल येतं, त्यात पुढे काढलेली फील्ड्स नसतात, आणि नव्या संगणकावर पहिल्यापासून मायग्रेट चालवताना ते तिथेच अडकतं.

उत्तर २

तारखेचं कारण बहुतेक एका कंसात आहे. तारखेच्या फील्डच्या डिफॉल्टला 'टाइमझोन डॉट लोकलडेट' (आजची स्थानिक तारीख देणारं फंक्शन) लिहून पुढे कंस दिलेत की फंक्शन सर्व्हर सुरू होतानाच चालतं आणि तीच तारीख चिकटून राहते. कंस काढा, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या वेळी ते नव्याने चालेल. 'नाऊ' घेऊन त्याची डेट काढू नका. ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) असते, पहाटे साडेपाचपर्यंत आदल्या दिवसाची पडते. सेटिंग्जमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता आहे ना, तेही पाहा.

'कऱ्हाडे'तला ऱ्ह किमान तीन तऱ्हांनी टंकला जातो. एक: ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त. दोन: र (०९३०), नुक्ता (अक्षराखालचं टिंब), हलन्त. तीन: र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर (२००डी). पडद्यावर एकच आकार, डेटाबेसला तीन वेगळे शब्द. पायथॉनच्या युनिकोडडेटामधलं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणणं) दुसऱ्याचं पहिलं करतं. तिसरं त्याला जुळत नाही. 'र, हलन्त, जॉइनर' शोधून 'ऱ, हलन्त' हे रिप्लेसने स्वतः करावं लागतं.

यासाठी एक छोटं फंक्शन लिहा. मूळ नाव आहे तसं राहू द्या. 'शोधनाव' असं वेगळं फील्ड सेव्हमध्ये त्या फंक्शनने भरा, आणि शोधपेटीत आलेला शब्दही त्यातूनच काढून आय-कंटेन्सला ('मजकुरात हे आहे का' असा शोध) द्या. जुन्या नोंदी लूपमध्ये एकेक सेव्ह करा. क्वेरीसेटच्या (डेटाबेसमधून मागवलेल्या नोंदींच्या संचाच्या) अपडेटने सेव्ह चालत नाही, फील्ड रिकामंच राहील.

प्रश्नकर्ता

मॉडेल्स वेगळी केली, तारीख आणि शोध दोन्ही जमलं. पण 'बाहेर असलेली पुस्तकं' हे २०० ओळींचं पान फार हळू उघडतं. आणि दुसरा संगणक कसा जोडू? डेटाबेसची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू का?

उत्तर ३

टेम्प्लेट (पानाचा साचा) प्रत्येक ओळीला प्रत, पुस्तक आणि सभासद वेगवेगळे मागतंय: २०० गुणिले ३, अधिक मूळची एक, म्हणजे ६०१ क्वेऱ्या. क्वेरीसेटला सिलेक्ट-रिलेटेड (जोडलेल्या नोंदी एकदमच आणणारं) लावा, त्यात 'प्रत__पुस्तक' आणि 'सभासद' द्या. एकच क्वेरी उरेल. जँगो डीबग टूलबार बसवलात तर आकडा डोळ्यांसमोर दिसतो.

फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये अजिबात ठेवू नका. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइल-लॉकचा भरवसा नसतो, डेटाबेस खराब होऊ शकतो. ॲप एकाच संगणकावर चालवा. दुसऱ्याने ब्राउझरमधून त्याचा आयपी आणि पोर्ट ८००० उघडायचं. तो आयपी सेटिंग्जमधल्या अलाउड-होस्ट्समध्ये घाला, राउटरमध्ये कायमचा करून घ्या, फायरवॉलमध्ये पोर्ट मोकळं करा. रोजच्या कामाला रनसर्व्हर (जँगोचा चाचणीपुरता सर्व्हर) वापरू नका. विंडोज असेल तर वेट्रेस हा सर्व्हर चालतो. डीबग फॉल्स केल्यावर ॲडमिनचं रूप उघडंबोडकं दिसेल, कारण स्टॅटिक फाइली (सीएसएस, चित्रं वगैरे) जँगो आता देत नाही. त्या देणारं व्हाइटनॉइज हे पॅकेज सेटिंग्जमधल्या मिडलवेअरच्या यादीत सिक्युरिटी-मिडलवेअरच्या लगेच खाली घाला, स्टॅटिक-रूट (त्या फाइली गोळा होण्याचा फोल्डर) ठरवा आणि कलेक्टस्टॅटिक चालवा.