पित्ताचं खापर मिसळीवरच का?

कट्ट्यावरचा_बाबू: दवाखान्यात गेलो तर पहिलंच वाक्य, "कोल्हापूरचे ना? मिसळ बंद करा." अहो, मिसळ मी फक्त रविवारी खातो! गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक मात्र दोन महिने रोज, तेही उपाशीपोटी. त्याचं कुणी विचारलंच नाही. अल्सरची मोठी कारणं दोनच: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि असल्या दुखण्याच्या गोळ्या. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलनं 1984 मध्ये तो जंतू स्वतः पिऊन बघितला, जठराला सूज आली. 2005 ला रॉबिन वॉरनसोबत नोबेल मिळालं. ह्यात मिसळीच्या कटाचा काय गुन्हा?

शाहूपुरीची_सून: अल्सर वेगळा नि जळजळ वेगळी, भाऊ. आमचे मामंजी रात्री साडेदहाला तांबडा-पांढरा ओरपतात आणि हात पुसायच्या आत आडवे. दोन वाजता उठून बसतात, उशाशी सोड्याची पुडी ठेवलेलीच. अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडली की आम्ल वर येतं, आणि तर्रीच्या तेलानं पोट लवकर रिकामं होत नाही. तेव्हा कट अगदी निर्दोष नाही हां.

तालमीतला: गंगावेशीत उभं राहून पेलाभर धारोष्ण दूध मारा. पैलवानाला कधी पित्त झालेलं बघितलंय?

शाहूपुरीची_सून: बघितलंय, घरातच आहे. दुधानं घटकाभर गार वाटतं, मग जठर उलट जास्तच आम्ल सोडतं. आणि कच्चं दूध नकोच, तापवून प्या.

औषधवाला: दोघंही भांडा, पण गोळी तरी नीट घ्या. आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची. लोक जेवून ढेकर दिल्यावर घेतात नि "गुण नाही" म्हणतात. वर्षानुवर्षं स्वतःच्या मनानं तर नकोच. वजन घटतंय, घास अडकतोय, शी डांबरासारखी काळी होतीय, तर थेट डॉक्टर. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ते त्यांना ठरवू द्या.

कट्ट्यावरचा_बाबू: डांबरासारखी... गुरुवारी झालती. म्हटलं नाचणीची भाकरी खाल्ली म्हणून.

औषधवाला: डॉक्टरांना सांगितलं?

कट्ट्यावरचा_बाबू: त्यांनी मिसळीचंच काढलं. राग आला, राहून गेलं.

शाहूपुरीची_सून: ती डायक्लोफिनॅक पिशवीत घाला नि आत्ता जावा. सकाळची वाट बघू नका.

तालमीतला: कुठं राहता? गाडी घेऊन येतो.