कॅम्पातले लोक शून्यातून कसे उभे राहिले? ज्याले आतलं माहीत आहे त्यानं सांगा

धुऱ्यावरचा:
राम राम मंडळी. मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, घरची धानाची शेती. आमच्या एकाच तालुक्यात दोन तऱ्हेचे निर्वासित आहेत, केशोरीकडं बंगाली गावं अन् गोठणगावजवळ तिबेटी कॅम्प. लहानपणापासून पाहून राहिलो पण कधी कोणाले बसून विचारलं नाही. आता झालं असं का परवा पानठेल्यावर वाद झाला, आमचा चुलतभाऊ म्हणते त्यायले सरकारनं सगळं फुकट देल्लं, जमीन देल्ली घर देल्लं म्हणून पुढं गेले, आपल्याले कोण देल्लं? चार जणांनी माना डोलावल्या. मले काही पटलं नाही पण उत्तरही देता नाही आलं.

कारण जे डोळ्यानं दिसते ते येगळं आहे. आमच्या बाजारात मासोळीच्या लाइनीत एक बंगाली काकू बसते, उभी विळी पायाखाली दाबून, हाताले राख चोळून रोहू असा कापते का दोन मिनिटात खवले एकीकडं, मुंडी एकीकडं, अन् तोंडानं आपल्याच बोलीत भाव चालू. तिचा सासरा आला तेव्हा एक टिनाची पेटी होती म्हणते, बस. आज पोरगा नागपूरले इंजिनिअरिंग शिकते. फुकटात भेटलेल्या गोष्टीतून हे होते का? का खरंच त्यायले काही जास्तीचं भेटलं होतं जे आपल्याले माहीत नाही? भांडण नाही लावायचं, समजून घ्यायचं आहे.

मूलचेरावाला:
दादा मी स्वतः बंगाली, गडचिरोली जिल्ह्यातला मूलचेरा तालुका, तिसरी पिढी. आधी एक गोष्ट क्लिअर करतो, सगळे म्हणतात तुम्ही एकाहत्तरच्या लढाईत आले. आमच्या इकडचे बरेचसे त्याच्या आधीचेच आहेत. एकाहत्तरमध्ये जवळपास एक कोटी लोक इकडे आले होते, पण २५ मार्च १९७१ नंतर आलेल्यांना परत पाठवायचं असं सरकारचं धोरण होतं आणि बांगलादेश झाल्यावर त्यातले बहुतेक परत गेलेही. माझे आजोबा १९६४ च्या दंगलीत पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, खुलन्याहून निघाले. आधी रायपूरजवळचा माना कॅम्प, तंबू, रेशनचा तांदूळ, मग एक दिवस ट्रकमध्ये बसवून चांदा (आताचं चंद्रपूर) जिल्ह्यात आणून सोडलं. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १९८२ चा.

आता "जमीन दिली" म्हणजे काय ते ऐका. जंगल दिलं. आधी बुंधे खोदून काढा, मग दगड वेचा, मग बांध्या पाडा, मग धान. आजोबा नदीच्या गाळातले माणूस, मुरमाची जमीन त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पहिल्या काही पावसाळ्यांत मलेरियानं घरटी कोणी ना कोणी गेलं असं आजी सांगायची. आणि सगळे टिकले असंही नाही बरं का, हे कोणी सांगत नाही. बंगाली निर्वासितांना वसवायचा दंडकारण्य प्रकल्प १९५८ मध्ये सुरू झाला, तिथल्या ओडिशा-बस्तरकडच्या वस्त्यांतून १९७८ मध्ये हजारो लोक बैलजोडी भांडीकुंडी विकून पश्चिम बंगालच्या सुंदरबनात मरीचझापी बेटावर गेले, आपल्या पाण्यात राहू म्हणून, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारनं पोलीस घालून त्यांना हाकललं, कित्येक मेले. आमच्या आजोबांचंही मन तिकडे ओढत होतं पण आजी म्हणे बोडीतली (वावरातल्या लहान तळ्यातली) मासोळी काढल्याशिवाय मी हलणार नाही. मासोळी निघेपर्यंत तिकडच्या बातम्या आल्या आणि विषय संपला.

उभं कशानं राहिलो म्हणाल तर माझ्या मते त्या बोडीनंच. धान वर्षातून एकदा पैसा देते आणि तोही पाऊस आला तर. आमच्या लोकांनी वावराच्या खोलगट कोपऱ्यात बोडी खोदली, तीच माती पाळीवर टाकली, पाळीवर वांगी, केळी, शेवगा, भोपळ्याचे वेल, आणि पाण्यात रोहू, कतला, मृगळ. पावसानं दडी मारली तर तेच पाणी धानाला. म्हणजे दर बाजाराला हातात थोडा तरी पैसा. त्याच्यावर पोरं शिकली.

फुकटाचं विचारलं म्हणून सांगतो, आमच्यासारख्या कित्येकांच्या सातबाऱ्यावर अजून भोगवटदार वर्ग दोन आहे, परवानगीशिवाय विकता येत नाही, बँकवाला तोंड वाकडं करतो. आम्ही नमःशूद्र, पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्रात नाही. माझी मावसबहीण तिकडे दिली आहे, तिच्या पोराला दाखला आहे, माझ्या पोरीला नाही. जात एक, आडनाव एक, आजी एक.

ट्रॅक्टरवाला:
गोठणगावच्या तिबेटी कॅम्पात माह्या बाबानं ट्रॅक्टर चालवला अन् आता मी चालवतो, म्हणून मी बोलू शकतो. नॉर्ग्येलिंग नाव आहे कॅम्पाचं, १९७२ ले वसला, इटियाडोह धरणाच्या बाजूले. हे लोक १९५९ ले ल्हासात उठाव झाला, दलाई लामा मार्चमध्ये निघून भारतात आले, त्याच्या मागं मागं आलेले. पहिले त्यायनं हिमाचलात, सिक्कीमकडं पहाडात रस्ते फोडायची मजुरी केली. तिथून कोणाले कर्नाटकात बैलकुप्पेले पाठवलं, कोणाले इकडं. आता तुमीच इचार करा, बर्फातला याक चारणारा माणूस अन् त्याले देल्ला आपला मे महिना! बाबा सांगे का म्हातारे लोक दुपारी ओली चादर अंगावर घेऊन मठाच्या सावलीत बसून राहत, अन् रोवणीत चिखलात उतरले का जळवा पाहून बाया बोंबलत. धान कसा लावते हे आपल्याच बायायनं त्यायले शिकवलं, अजूनही रोवणीले बाया आपल्याच गावच्या जातात.

पण खरी कमाई धानाची नाहीच मुळी. स्वेटरची आहे. कापणी चुरणे आटोपत आले का अर्ध कॅम्प रिकामं, सगळे नागपूर अन् बाकी शहरात दुकान लावायले. माल लुधियान्याचा, अन् गंमत अशी का व्यापारी त्यायले उधारीवर माल देते, सीझन झाला का हिशोब. पिढ्या झाल्या हे चालू आहे. आपल्यातल्या कोणाले लाखाचा माल उधार भेटते का सांगा? मले वाटे हे लोक मोठे लबाड असन, पण नाही, एक जण बुडवून पळाला तं सगळ्या कॅम्पाचं नाव जाते, म्हणून तेच एकमेकावर लक्ष ठेवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोसार म्हणजे त्यायचं नववर्ष, त्याच्या आधी सगळे वापस.

कागदाचं मात्र अजब आहे. इथंच जन्मले, फाडफाड हिंदी बोलते, आपली बोली बोलते, तरी हातात परदेशी माणसाचं रजिस्ट्रेशनचं बुक, ते रिन्यू करत बसा. १९५० ते १९८७ च्या मधात भारतात जन्मलेला कायद्यानं नागरिकच आहे, दिल्ली हायकोर्टानं २०१० ले एका तिबेटी पोरीच्या केसमध्ये तसंच म्हटलं, पण कॅम्पातले कित्येक जण घेतच नाहीत. मी एका म्हाताऱ्याले विचारलं काऊन नाही घेत, तं म्हणे तिकडं वापस जायचं असन तं मग मी कोण म्हणून जाऊ? आता पोरं काही वापसही जात नाहीत अन् इथंही राहत नाहीत. बेंगलोर, कॅनडा, अमेरिका. कॅम्पात कितीतरी घरायले कुलूप आहे, अन् वावर आमच्यासारखे लोक करून राहिले.

बुडीत क्षेत्र:
सगळं वाचलं, चांगलं आहे, पण माझंही ऐका. आमचं गाव धरणात गेलं. लढाई नाही, दंगल नाही, दुसरा देशही नाही, उचलून वीस-पंचवीस किलोमीटरवर टाकलं. नवीन गावठाणात प्लॉट दिला, नळाची पाइपलाइन दिली, पाणी नाही, आणि वावराच्या बदल्यात वावर नाही दिलं, पैसे दिले. ते पण तुकड्या तुकड्यानं. पैशाचं काय झालं विचारू नका, मोटरसायकली आल्या, पोरींची लग्नं झाली, बाकी औषधात गेले. आज जे काका पंधरा एकराचे मालक होते ते दुसऱ्याच्या वावरात निंदण करून राहिले. म्हणून मला चुलतभावाचा राग समजते, तो सगळा खोटा नाही. निर्वासितांना वावर तरी मिळालं ना.

आणि एक, जे जंगल तोडून बंगाली गावं वसवली ते रिकामं नव्हतं भाऊ. गोंड-माडियांचा निस्तार, म्हणजे जंगलातून गरजेचं घ्यायची वहिवाट, होती तिथं, मोहफुलं, तेंदू, गुरंचराई. त्यांना कोण विचारलं? मूलचेरावाल्या दादांवर राग नाही, त्यांच्या आजोबाला काय माहीत कोणाचं जंगल आहे ते. ज्यानं नकाशावर रेघ मारली त्याला माहीत होतं.

मूलचेरावाला:
बुडीत दादा, बरोबर बोलले, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या शेजारच्या गोंड गावचे म्हातारे अजून आमच्या एका टोल्याला (वस्तीला) जुन्याच नावानं हाक मारतात, आम्ही ठेवलेलं नाव घेतच नाहीत. सुरुवातीला भांडणं झाली, गुरं कोंडवाड्यात घालणं वगैरे सगळं झालं. नंतर बाजार एक झाला, दवाखाना एक झाला, तेव्हा कमी झालं. पण मिटलं असं म्हणणार नाही.

एक फरक मात्र मला दिसतो. आम्हाला आणलं ते गावाच्या गावं एकत्र, शेजारी तोच, पुरोहित तोच, भांडायचं त्याच्याशीच आणि उधार मागायचं तेही त्याच्याशीच. तिबेट्यांचंही तसंच. तुमचं गाव किती ठिकाणी फुटलं?

बुडीत क्षेत्र:
तीन. आमची आळी एकीकडं, देवळाकडची आळी दुसऱ्या गावठाणात, अन् बाकीचे पैसे घेऊन नागपूर-भंडाऱ्याले. पोळा आता वेगवेगळा होते.

ट्रॅक्टरवाला:
अन् कोणी म्हणन निर्वासितासाठी कायदा आहे म्हणून भेटते, तं तसंही नाही. भारतानं १९५१ चा तो निर्वासितायचा आंतरराष्ट्रीय करार सही केलाच नाही, आपल्याकडं त्यायच्यासाठी वेगळा कायदाच नाही. ज्याची जशी वेळ आली तसं सरकारनं केलं. २०१९ च्या नागरिकत्वाच्या दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश अन् अफगाणिस्तान आहे, तिबेट नाही. म्हणून कॅम्पवाले त्याच्यावर बोलतच नाहीत.

धुऱ्यावरचा:
धन्यवाद सगळ्यायले, चुलतभावाले हे पूर्ण वाचून दाखवतो, ऐकन का नाही ते माहीत नाही पण बुडीत भाऊचं वाचलं का त्याले आपला माणूस भेटल्यासारखं वाटन 😄 मूलचेरावाले दादा, एक कामाचं विचारतो, माह्या वावराच्या खालच्या अंगाले पडीक बोडी आहे, मामा (माजी मालगुजारी) तलावाचा सांडवा बाजूलेच आहे. मासोळीचं बीज कधी टाकू? पहिल्यांदाच करून राहिलो.

मूलचेरावाला:
पाऊस लागून बोडी अर्धी भरली की टाका. जिरे, म्हणजे नुकतीच निघालेली बारीक पिल्लं, घेऊ नका, स्वस्त पडते पण मरते, बोटाएवढी झालेली बोटुकलीच घ्या. आणि त्याच्या आधी उन्हाळ्यात बोडी पूर्ण आटवून मरळ (दुसऱ्या मासोळ्या खाणारी मासोळी) काढून घ्या, एक जरी राहिली तरी सगळं बीज तिच्या पोटात. सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर पहिल्याच पुरात मासोळी शेजाऱ्याच्या बांधीत. फोटो टाका बोडीचा, खोली पाहून सांगतो किती नग पुरतील ते.