चालू चेसिसमध्ये कार्ड घालताना मॉस्फेट निकामी होतो: ४८ व्होल्टच्या पुरवठ्याचे संरक्षण आणि मोजमाप कसे करावे?

प्रश्न

आमच्याकडे आठ कार्डांचे एक चेसिस आहे. बॅकप्लेनवर (सगळी कार्डे जिच्यात बसतात ती मागची पाटी) ४८ व्होल्टचा सामाईक पुरवठा असून प्रत्येक कार्डावर एलएम५०६६ हा हॉट-स्वॅप कंट्रोलर (चालू पुरवठ्यात कार्ड घालताना प्रवाह आवरणारी चिप), प्रवाह मोजण्यासाठी ५ मिलिओहमचा सेन्स रोधक, पुरवठा चालू-बंद करणारा एक एन-चॅनेल मॉस्फेट आणि त्यानंतर ४७० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत. कनेक्टरला लागूनच १० मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर बसवलेले आहेत. प्रवाहमर्यादा सेन्स रोधकावरील २५ मिलिव्होल्टवर, म्हणजे ५ अँपिअरवर ठेवली आहे. शक्तिमर्यादा, म्हणजे मॉस्फेटमध्ये खर्च होऊ दिली जाणारी कमाल शक्ती, मात्र २०० वॅटपर्यंत सैल सोडलेली आहे. पूर्ण भारावर कार्ड साधारण ३ अँपिअर घेते.

अडचणी दोन आहेत. चालू चेसिसमध्ये कार्ड सरकवले की कधी कधी शेजारचे कार्ड रीसेट होते, आणि एखाद्या कार्डाचा मॉस्फेट ड्रेन-सोर्स शॉर्ट होऊन बसतो. प्रवाहमर्यादा असूनही मॉस्फेट का जातो, आणि पीएमबसवरून (कंट्रोलरशी संवाद साधणारी दोन तारांची बस) मिळणाऱ्या मोजमापांचा यात काही उपयोग होऊ शकतो का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

प्रवाहमर्यादा पुरवठ्याचे रक्षण करते, मॉस्फेटचे नव्हे. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४८ व्होल्टपर्यंत भरताना मॉस्फेटमध्ये साधारण ०.५४ ज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते. कपॅसिटर सावकाश भरला काय किंवा झटकन भरला काय, हा आकडा बदलत नाही; बदलतो तो ती ऊर्जा पचवायला मॉस्फेटला मिळणारा वेळ. तुमच्या रचनेत सुरुवातीलाच मॉस्फेटवर २०० वॅट पडतात आणि सगळे काम जेमतेम पाच मिलिसेकंदांत उरकते. मॉस्फेटच्या माहितीपत्रकातील सुरक्षित कार्यक्षेत्राचा (किती व्होल्टला किती प्रवाह किती वेळ सोसतो याचा) आलेख काढून ४८ व्होल्टच्या उभ्या रेषेवर १० मिलिसेकंदांची वक्ररेषा किती अँपिअर देते ते पाहावे. तो आलेख २५ अंश तापमानासाठी काढलेला असतो, हेही विसरू नये. केस (बाहेरचे आवरण) ८५ अंशांवर असेल आणि जंक्शनची (आतल्या चिपची) कमाल मर्यादा १७५ अंश असेल, तर आलेखावरच्या शक्तीपैकी सुमारे ६० टक्केच आपल्या हाती उरते.

शक्तिमर्यादा ४० वॅटवर आणल्यास कपॅसिटर भरायला सुमारे १४ मिलिसेकंद लागतील, त्यामुळे फॉल्ट टायमर (मर्यादा तेवढा वेळ लागू राहिली तर मॉस्फेट बंद करणारा) त्याहून पुरेसा मोठा ठेवावा. याहून फार खाली मात्र जाऊ नये, कारण पूर्ण ४८ व्होल्ट मॉस्फेटवर असताना ४० वॅट म्हणजे ०.८३ अँपिअर, आणि सेन्स रोधकावर जेमतेम ४.२ मिलिव्होल्ट. याखाली कंट्रोलरचा ऑफसेटच (मोजण्यातील कायमची चूक) मोजमापावर भारी पडू लागतो.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. याच आकारात निम्म्या ऑन-रोधाचा (पूर्ण उघडल्यावर उरणाऱ्या रोधाचा) नवा मॉस्फेट मिळतो. तो बसवला, किंवा आहे तोच मॉस्फेट समांतर जोडून दोन केले, तर शक्तिमर्यादेला हात न लावता प्रश्न सुटेल का?

उत्तर २

दोन्ही उपाय कागदावर आकर्षक दिसतात आणि दोन्ही टाळावेत. कमी ऑन-रोधाचे नवे ट्रेंच मॉस्फेट स्विचिंगसाठी घडवलेले असतात. ड्रेनवर मोठे व्होल्टेज आणि गेटवर थ्रेशोल्डच्या (मॉस्फेट उघडू लागतो त्या व्होल्टेजच्या) जवळपासचे व्होल्टेज अशा रेषीय अवस्थेत त्यांच्या चिपचा जो भाग जरा जास्त तापतो, त्याचे थ्रेशोल्ड घसरते, त्यामुळे तो अधिक प्रवाह ओढतो आणि आणखी तापतो. शेवटी तेवढ्याच जागी चिप वितळते आणि तुम्ही वर्णन केलेला शॉर्ट मिळतो. समांतर जोडीतही हीच गत होते: ज्याचे थ्रेशोल्ड कमी, तो एकटाच जवळजवळ सगळा भार उचलतो. दोन मॉस्फेटचा फायदा पूर्ण उघडल्यानंतर होतो, भरताना नाही.

उत्तर १ मधील आकडे बरोबर आहेत, पण मी मार्ग वेगळा धरेन. गेट आणि जमीन यांच्यात कपॅसिटर जोडून आउटपुट ठरावीक वेगाने चढू द्यावे. ५० मिलिसेकंदांत ४८ व्होल्ट गाठायचे ठरवले तर भरणारा प्रवाह सुमारे ०.४५ अँपिअर राहतो आणि मॉस्फेटवरची शक्ती २२ वॅटपासून उतरत शून्यावर येते. प्रवाह ४० वॅटच्या मर्यादेला शिवतच नसल्याने फॉल्ट टायमर चालू होत नाही, आणि म्हणून तो एक-दोन मिलिसेकंदांइतका लहान ठेवता येतो. आउटपुट आधीच शॉर्ट असलेले कार्ड कोणी घातले, तर हा लहान टायमरच मॉस्फेटला वाचवतो.

याला एक अट आहे, आणि माझा पहिला संशय तिथेच आहे. मॉस्फेटनंतरचा तुमचा डीसी-डीसी कन्व्हर्टर (कार्डाला लागणारे व्होल्टेज बनवणारा) कोण चालू करते? तो आपल्या अंडरव्होल्टेज मर्यादेवर, समजा ३६ व्होल्टवर, स्वतःच उठत असेल, तर मॉस्फेटवर अजून १२ व्होल्ट असतानाच भार लागतो. कन्व्हर्टर स्थिर शक्ती घेत असल्याने व्होल्टेज जितके कमी तितका त्याचा प्रवाह जास्त. त्याची एनेबल पिन कंट्रोलरच्या पॉवर-गुड संकेताला (आउटपुट पूर्ण चढल्याची खूण) बांधावी. कार्ड कधी वाचते आणि कधी जाते, याचे कारण बहुधा यातच सापडेल.

उत्तर ३

शेजारचे कार्ड रीसेट होण्याचे कारण मॉस्फेटच्या अलीकडे आहे. कनेक्टरजवळचे ते १० मायक्रोफॅरड कोणत्याही नियंत्रणाबाहेर आहेत. पिन टेकताक्षणी ते थेट बॅकप्लेनमधून भरतात आणि तेवढ्या मायक्रोसेकंदांत सामाईक पुरवठा खाली बसतो. ते काढून तिथे टीव्हीएस डायोड (व्होल्टेजची उसळी शोषणारा) ठेवावा. शॉर्ट तुटताना बॅकप्लेनच्या इंडक्टन्समुळे उसळणारे व्होल्टेजही तोच अडवतो. एसएमबीजे५८ए हा नेहमीचा डायोड ९३.६ व्होल्टवर आवर घालतो, पण तो साधारण ६.४ अँपिअरपर्यंतच. एलएम५०६६ ची कमाल सहनशक्ती १०० व्होल्ट असल्याने शॉर्टच्या वेळी प्रवाह याहून वर जाणार असेल, तर मोठ्या आकाराचा डायोड घ्यावा. आउटपुटवर शॉटकी डायोडही हवा, कारण त्याच क्षणी ती बाजू ऋण होते. आणि कंट्रोलरची एनेबल पिन कनेक्टरच्या आखूड पिनवरून घ्यावी, म्हणजे बाकीच्या पिना पक्क्या बसेपर्यंत मॉस्फेट उघडणार नाही.

मोजमापांबद्दल अपेक्षा बेताची ठेवावी. या कंट्रोलरचा १२ बिटांचा एडीसी (मोजलेले मूल्य अंकांत बदलणारा भाग) सेकंदाला सुमारे हजार नमुने घेतो. मॉस्फेट वाचवण्याचे काम सॉफ्टवेअरकडे जाऊच शकत नाही. मात्र इशारा किंवा फॉल्ट येताच कंट्रोलर त्या क्षणाची मापे आणि स्थिती गोठवून ठेवतो. ती नोंद आणि स्टेटस वर्ड वाचून झाल्यावरच फॉल्ट पुसण्याची आज्ञा द्यावी. अनेक ठिकाणी बूट होतानाच ही आज्ञा धाडली जाते आणि पुरावा नाहीसा होतो. शॉर्ट झालेल्या मॉस्फेटसाठी वेगळा बिट आहे, तो प्रत्येक कार्डावर नियमित तपासावा. लिनक्स वापरत असाल तर एलएम२५०६६ नावाचा ड्रायव्हर हाच कंट्रोलर हाताळतो, पण त्याला सेन्स रोधकाचे खरे मूल्य मायक्रोओहममध्ये द्यावे लागते. तुमच्या बाबतीत ५०००. रोधकापासून कंट्रोलरपर्यंतच्या दोन रेषा पॅडच्या आतल्या कडेवरून स्वतंत्र काढाव्यात, नाहीतर तांब्यातील अर्धा मिलिओहम मापात शिरतो आणि तुमच्या रोधकाच्या तुलनेत तो सरळ दहा टक्के होतो.

पीएमबसच्या दोन तारांनाही हॉट-स्वॅप बफर लागतो. एलटीसी४३००ए सारखा बफर जोडणीपूर्वी त्या तारा एका व्होल्टवर आणून ठेवतो. तो नसेल, तर नवे कार्ड टेकताना चालू व्यवहार बिघडून संपूर्ण बस अडकू शकते, आणि मग आठही कार्डांची मापे एकदम बंद पडतात.