मदत हवी आहे: फोर्कवरचे ३८ पॅच नव्या अपस्ट्रीमवर नेताना एक चुकीच्या फंक्शनमध्ये बसला, कुठलं टूल वापरावं?

नमस्कार. अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही तिघं मिळून एका मुक्तस्रोत सर्व्हर प्रोग्रॅमचा फोर्क (स्वतःचे बदल केलेली वेगळी प्रत) सांभाळतो. मूळ प्रकल्प (म्हणजे अपस्ट्रीम) सी भाषेतला आहे, साधारण तीन महिन्यांनी नवी आवृत्ती येते. त्यावर आमचे ३८ पॅच, म्हणजे मूळ कोडवर लावायचे बदल, आहेत. बरेचसे पाच-दहा ओळींचे, एक मात्र साडेसहाशे ओळींचा. काही अपस्ट्रीमला पाठवलेत, तिकडे चर्चा चालू आहे. काही तिकडे कधीच जाणार नाहीत, कारण ती गरज फक्त आमची आहे. त्यामुळे ‘फोर्क बंद करा’ हा सल्ला आमच्या कामाचा नाही.

सुरुवातीची दोन वर्षं आम्ही गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) अपस्ट्रीमची ब्रांच सरळ आमच्यात मर्ज, म्हणजे एकत्र, करत होतो. काम चालत होतं, पण आपण नेमकं काय बदललंय हेच हळूहळू कळेनासं झालं. कॉन्फ्लिक्ट (दोन्हीकडचे बदल एकमेकांवर आदळणं) सोडवताना केलेले बदल मर्ज कमिटच्या, म्हणजे मर्जच्या नोंदीच्या, पोटात जाऊन बसतात, आणि ‘गिट लॉग -पी’ मर्ज कमिटचा डिफ (कुठल्या ओळी बदलल्या ते) आपणहून दाखवत नाही. अमुक ओळ का आहे असं कोणी विचारलं की सगळा डिफ काढून अंदाज बांधत बसायचं.

गेल्या वर्षी तो एकूण डिफ काढला, आठवडाभर बसून त्याचे तुकडे पाडले आणि क्विल्टवर (पॅचची थप्पी सांभाळणारं टूल) आलो. प्रत्येक पॅचच्या डोक्यावर तो का आहे ते लिहिलं. ‘पॅचेस’ फोल्डर, त्यात ‘सिरीज’ फाइल, आणि ‘क्विल्ट पुश -ए’ म्हटलं की ओळीने सगळे चढतात. नवा माणूस एका दुपारी सगळा फोर्क वाचून काढू शकतो, हे सुख आधी कधी मिळालं नव्हतं. म्हणून पुढचं लिहिताना वाईट वाटतंय.

मागच्या आवृत्तीच्या वेळी १७ नंबरचा पॅच चढताना संदेश आला: हंक २ (पॅचमधला दुसरा तुकडा) ४१२ व्या ओळीवर लागला, फझ २, ऑफसेट ९ ओळी (जागा तेवढी सरकली). असे संदेश इतके येतात की नजर त्यांवरून घसरते. तो पॅच म्हणजे हेडर वाचणाऱ्या फंक्शनच्या शेवटी घातलेली लांबीची तपासणी, जेमतेम चार ओळींची. अपस्ट्रीमने मधल्या काळात मूळ फंक्शन खाली सरकवलं होतं आणि त्याच्या वर अगदी तसंच दुसरं फंक्शन लिहिलं होतं, व्हेरिएबलची नावंसुद्धा तीच. पॅचमध्ये बदलाच्या वर-खाली तीन-तीन ओळींचा संदर्भ असतो. फझ २ म्हणजे त्यातल्या बाहेरच्या दोन-दोन ओळी सोडून द्यायच्या. उरलं काय, तर वर एक रिकामी ओळ आणि खाली ‘रिटर्न ०’. अशी जागा जुळ्या फंक्शनमध्येही होती आणि ती जवळ पडली. तपासणी तिथे जाऊन बसली. कंपाइल झालं, इशारा एकही नाही. जी फाइल नाकारली जायला हवी होती ती स्वीकारली जातेय हे अकरा दिवसांनी एका चाचणीत उघड झालं.

तेव्हापासून मी ठरवलंय की टूलने अडून बसलं तरी चालेल, त्याने अंदाज बांधता कामा नये. म्हणून ‘गिट एएम --थ्रीवे’ (पॅच लावून त्याची कमिट करणारी गिटची कमांड) करून पाहिलं. थ्री-वे मर्ज झालं तर जुनी फाइल, नवी फाइल आणि आपला बदल, तिन्ही समोर ठेवून निर्णय होतो. पण जो पॅच सरळ लागत नाही त्याला गिट म्हणतं की थ्री-वेसाठी लागणारी माहितीच पॅचमध्ये नाही. तिथेच अडकले आहे.

हे पॅच गिटमध्ये नीट आणायचे कसे? आणि रिबेसवर (आपल्या कमिट नव्या आवृत्तीवर पुन्हा चढवणं) आलोच तर ३८ पॅच जसेच्या तसे गेले की नाहीत हे दुसऱ्याने तपासायचं कसं? १७ नंबरची चूक तपासणाऱ्याच्या नजरेला पडेल अशी काही सोय आहे का? फोर्स-पुशचीही (सामायिक ब्रांचचा जुना इतिहास बदलून नवा टाकणं) धास्ती आहे, आमच्या ब्रांचवरून इतर लोक बिल्ड करतात.

प्रतिसाद १

थ्री-वे का होत नाही ते आधी सांगतो. गिटने काढलेल्या डिफमध्ये प्रत्येक फाइलच्या वर ‘इंडेक्स’ची ओळ असते, तिच्यात बदलाआधीच्या आणि नंतरच्या मजकुराचे हॅश (मजकुरावरून काढलेले ओळख क्रमांक) असतात. त्यावरून गिट रेपॉझिटरीतून जुना मजकूर शोधतं आणि मग थ्री-वे मर्ज करतं. क्विल्टच्या पॅचमध्ये हे हॅश नसतात. गंमत म्हणजे क्विल्टही ‘इंडेक्स:’ अशी ओळ लिहितं, पण तिच्यात फक्त फाइलचं नाव असतं. मीसुद्धा एकदा तिला फसलो होतो.

तेव्हा हे पॅच नव्या आवृत्तीवर लावायच्या फंदात पडूच नका. ज्या जुन्या टॅगवर (आवृत्तीच्या खुणेवर) ते विनातक्रार लागतात तो टॅग चेकआउट करा आणि तिथे ‘गिट क्विल्टइम्पोर्ट’ चालवा. ही गिटसोबतच येणारी कमांड आहे. ती सिरीज फाइल वाचून एका पॅचची एक कमिट करते, डोक्यावरचं स्पष्टीकरण कमिट मेसेजमध्ये जातं. पॅचमध्ये लेखकाचं नाव नसेल तर ते ‘--ऑथर’ने द्यावं लागेल. झाल्यावर क्विल्टने तयार केलेल्या सोर्सशी डिफ काढा, तो रिकामाच यायला हवा. मग ‘गिट रिबेस --ऑन्टू नवा-टॅग जुना-टॅग आमची-ब्रांच’. आता प्रत्येक पॅचला स्वतःचा जुना मजकूर माहीत आहे.

‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ला ‘झेडडिफ३’ ठेवा, गिट २.३५ पासून आहे. कॉन्फ्लिक्टमध्ये दोन्ही बाजूंबरोबर मूळ मजकूरही दिसतो, त्यामुळे अपस्ट्रीमने काय बदललं आणि आपण काय, हे वेगळं कळतं.

मात्र थ्री-वे मर्जलाही जुळी फंक्शनं शेजारी असली की चकवा बसू शकतो. धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही.

प्रतिसाद २

तपासणीसाठी ‘गिट रेंज-डिफ’. गिट २.१९ मध्ये, २०१८ साली आलं. ‘गिट रेंज-डिफ जुना-टॅग..जुनी-ब्रांच नवा-टॅग..नवी-ब्रांच’ असं म्हटलं की दोन्हीकडच्या कमिटच्या जोड्या लावून डिफचा डिफ दाखवतं. बरोबरचं चिन्ह म्हणजे पॅच जसाच्या तसा, उद्गारचिन्ह म्हणजे बदलला, डावा बाण म्हणजे नव्या ब्रांचमध्ये नाही, उजवा बाण म्हणजे नव्याने आला. तपासणाऱ्याने ३८ पॅच वाचायचे नाहीत, फक्त उद्गारचिन्हं आणि बाण वाचायचे.

तुमच्या १७ नंबरसाठी मुद्द्याची गोष्ट: हंकच्या वरच्या ओळीत फाइलबरोबर फंक्शनचं नावही येतं. तपासणी जुळ्या फंक्शनमध्ये गेली असती तर ते नाव बदललेलं दिसलं असतं.

फोर्स-पुश करूच नका. प्रत्येक अपस्ट्रीम आवृत्तीसाठी नवी ब्रांच काढा, जुनीला टॅग लावून ठेवा. बिल्ड करणाऱ्यांना फक्त ब्रांचचं नाव बदलावं लागेल.

प्रतिसाद ३

मी क्विल्टच्या बाजूने बोलते. तुमचा घात क्विल्टने नाही, फझने केला. फझची मर्यादा आपणहून २ असते, ‘क्विल्ट पुश --फझ=०’ दिलं की संदर्भ तंतोतंत जुळल्याशिवाय पॅच लागत नाही. डेबियन या लिनक्स वितरणातले हजारो पॅकेज याच पद्धतीचे पॅच बाळगतात आणि तिथे सोर्स उलगडताना फझ चालतच नाही, पॅच आधी नीट करून घ्यावा लागतो. तुम्ही डोक्यावर लिहिलेली कारणं आणि वाचनीय फोल्डर हे खरं धन आहे. ते गिटच्या इतिहासात गाडू नका एवढंच सांगणं.

प्रतिसाद ४

स्टॅक्ड गिट, म्हणजे एसटीगिट, पाहिलंत का? पुश, पॉप, रिफ्रेश हे शब्द क्विल्टचेच, पण प्रत्येक पॅच आतून गिटची कमिट असतो, त्यामुळे पुश करताना थ्री-वे मर्ज होतं. हे २००५ पासून आहे, २०२२ मध्ये २.० आवृत्तीत रस्ट भाषेत नव्याने लिहिलं गेलं. ‘एसटीजी इम्पोर्ट --सिरीज’ने क्विल्टची सिरीज आत घेता येते. स्टॅकच्या मधल्या पॅचमध्ये रोज बदल करत असाल तर रिबेसपेक्षा हे हाताला सोपं जातं. तीन महिन्यांतून एकदाच हात लावत असाल तर साधं गिट पुरेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दोन दिवस बसून जमवलं, काय झालं ते सांगते.

क्विल्टइम्पोर्ट पहिल्या झटक्यात झालं नाही, कारण एका पॅचचं रिफ्रेश (केलेला बदल पॅच फाइलमध्ये उतरवणं) करायचं राहिलं होतं. तो दुरुस्त केल्यावर ३८ कमिट आल्या आणि डिफ रिकामा आला. त्यानंतर नव्या टॅगवर रिबेस. चार ठिकाणी कॉन्फ्लिक्ट आले, आणि मूळ मजकूर मधोमध दिसत असल्यामुळे एकदाही अंदाज बांधावा लागला नाही.

रेंज-डिफमध्ये २९ पॅच जसेच्या तसे, ६ बदललेले आणि ३ गायब. गायब पाहून पोटात गोळा आला. पण ते तिन्ही अपस्ट्रीमने जसेच्या तसे घेतले होते आणि रिबेसने ते ओळखून वगळले. आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं. ‘गिट चेरी’ चालवून खात्री केली, तिन्हींपुढे उणे चिन्ह, म्हणजे तोच बदल अपस्ट्रीममध्ये आहे. १७ नंबर बदललेल्यांत होता, हंकवरचं फंक्शनचं नाव मात्र तेच, म्हणजे तपासणी आपल्या जागी आहे. तो मी सहकाऱ्यालाही स्वतंत्रपणे वाचायला लावला.

प्रतिसाद ३ मधलं म्हणणं मनाला लागलं, म्हणून पॅचेस फोल्डर ठेवतेय, पण आता तो ब्रांचवरून निघतो: ‘गिट फॉरमॅट-पॅच --झीरो-कमिट --नो-सिग्नेचर --नो-नंबर्ड --फुल-इंडेक्स’. झीरो-कमिटमुळे पहिल्या ओळीतला कमिटचा हॅश शून्य होतो आणि नो-सिग्नेचरमुळे तळाचा गिटचा आवृत्ती क्रमांक जातो, त्यामुळे पॅच बदलला नसेल तर त्या फाइलमध्ये उगाच दिसणारा फरक कमी होतो. फुल-इंडेक्समुळे पूर्ण हॅश पॅचमध्येच राहतात, म्हणजे पुन्हा आधीसारखं अडायला नको.

एक उपप्रश्न: ‘रिरिरी’ (सोडवलेले कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवणारी गिटची सोय) चालू करून उपयोग आहे का?

प्रतिसाद १

एकच कॉन्फ्लिक्ट पुन्हा पुन्हा समोर येत असेल तरच. अपस्ट्रीमच्या आवृत्तीआधी दर आठवड्याला रिबेसची रंगीत तालीम करत असाल तर फार उपयोग आहे, एकदा सोडवलेलं उत्तर पुढच्या वेळी आपोआप भरलं जातं. मात्र वापरात नसलेली उत्तरं ६० दिवसांनी साफ होतात आणि तुमचं चक्र तीन महिन्यांचं आहे, तेव्हा ‘जीसी.रिरिरीरिझॉल्व्ड’ २०० करून घ्या. ‘रिरिरी.ऑटोअपडेट’ बंदच राहू द्या, म्हणजे भरलेलं उत्तर स्टेज होण्याआधी (पुढच्या कमिटसाठी घेतलं जाण्याआधी) डोळ्यांखालून जाईल. हा साठा ‘.गिट’मधल्या ‘आरआर-कॅश’ फोल्डरमध्ये असतो आणि पुशबरोबर जात नाही. तिघांत वाटायचा तर फोल्डर स्वतः कॉपी करावा लागेल.

धागाकर्ती

२०० करून टाकलं, ऑटोअपडेट बंदच आहे. पहिली तालीम या शुक्रवारी. साडेसहाशे ओळींच्या पॅचचे तुकडे कसे पाडावेत यासाठी वेगळा धागा काढते, चारही कॉन्फ्लिक्ट त्याच एका पॅचमधले होते.