डॅनिशमध्ये ‘प्लीज’ला शब्दच नाही का? रोजची वाक्यं तपासून हवीत

कढीपत्ता:
आईबाबा पहिल्यांदाच कोपनहेगनला येताहेत, त्यांच्यासाठी वाक्यांचं एक पान करतेय. इंग्रजी वाक्यं ॲपमध्ये टाकून डॅनिश काढलं, पण तीन ठिकाणी शंका आहे: कॉफी मागतानाचं ‘प्लीज’, जेवणानंतरचं ‘आय ॲम फुल’ आणि भेटीची वेळ सांगतानाचं ‘हाफ टू’. कोणी बघाल का?

नऊवारी_ओडेन्स:
प्लीजच्या जागी बसेल असा एक शब्द शोधू नका, तो नाहीच. ‘वेर सो व्हेन्ली’ असं काहीतरी ॲप देतं, पण ते आपल्या ‘कृपया’च्या जातीचं. पाटीवर ठीक, काउंटरवर अवघडलेलं वाटतं. कॉफीसाठी ‘याय व्हिल गेर्ने हा एन कॉप काफे, टाक’. सगळी अदब ‘गेर्ने’त आणि शेवटच्या ‘टाक’मध्ये, म्हणजे धन्यवादात. ‘गेर्ने’ गाळलंत तर लहान मुलानं पाय आपटल्यासारखं होतं.

कोणाला काम सांगायचं असेल तर ‘का डू लीए येल्पे माय?’. हे ‘लीए’ म्हणजे थेट आपलं ‘जरा’: जरा मदत करता का? आणि ‘डू’ म्हणायला आईबाबा कचरतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. तिथे डॉक्टरांना आणि शिक्षकांनाही ‘डू’च म्हणतात, त्यात अरेतुरे नाही.

‘फुल’ मात्र आधी खोडा. ‘याय एर फुल’ म्हणजे ‘मला चढलीय’! लिहिताना शेवटी एक ‘ड’ असतो, तो उच्चारत नाहीत, म्हणून कानाला अगदी इंग्रजी वाटतं. पोट भरलं असेल तर ‘याय एर मेट’.

पावणेदोन:
वेळेचं मी सांगतो. ब्रिटिश ‘हाफ टू’ म्हणजे अडीच, डॅनिश ‘हाल टो’ म्हणजे दीड. दोन व्हायला अर्धा तास कमी, असा हिशोब. शब्दाला शब्द ठेवलात तर एक तासाचा घोळ. पानावर सरळ 14.30 लिहा, रेल्वेच्या वेळापत्रकातही तसंच असतं.

गंमत म्हणजे हा हिशोब मराठी माणसाला लवकर कळायला हवा. ‘दीड’ला डॅनिशमध्ये स्वतंत्र शब्द आहे, ‘हालानन’. 50 ला ‘हाल्ट्रेस’ म्हणतात, त्याचं मूळ अडीच विसा. 70 म्हणजे साडेतीन विसा, 90 म्हणजे साडेचार विसा. वर एकक आधी: 92 म्हणताना ‘दोन आणि नव्वद’, ब्याण्णवसारखंच. दुकानात आकडा ऐकून गोंधळ झाला तर पावती बघावी.

कढीपत्ता:
‘फुल’ खोडलं! अजून एक: ‘इन फाइव्ह मिनिट्स’ला ॲप कधी ‘ई’ देतंय, कधी ‘ऑम’.

नऊवारी_ओडेन्स:
दोन्ही शब्द खरे, अर्थ वेगळे. ‘याय कॉमर ऑम फेम मिनूटर’: पाच मिनिटांनी येतो. ‘याय वेंटर ई फेम मिनूटर’: पाच मिनिटं थांबतो. म्हणजे ‘नी’ तिथे ‘ऑम’, नुसती ‘मिनिटं’ तिथे ‘ई’. ॲपला सुटा तुकडा देऊ नका, क्रियापदासकट पूर्ण वाक्य द्या.

पावणेदोन:
आणि ‘यो’ राहिलं. ‘येणार नाही का?’ असं नकारार्थी विचारलं आणि उत्तर ‘येणार की!’ असेल, तर ‘या’ (म्हणजे नेहमीचं ‘हो’) नाही, ‘यो’ म्हणायचं.