अ‍ॅम्बेसेडर क्लच सोडला की मागून उड्या मारते, ग्रिप कशी वाढवू?

वणीवाला_१८००
भाऊ लोक, अ‍ॅम्बेसेडर १८०० आयएसझेड आहे, इसुझूचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर. ड्रॅगमधी (सरळ रस्त्यावरच्या शर्यतीत) उतरवायची आहे, ४०२ मीटरच्या. सध्या जिनिंग बंद आहे तं मालकाले विचारून तिथल्या आवारात सिमेंटवर सराव करून राह्यलो. आरपीएम चढवून क्लच सोडला की मागून असं धडधडते की डॅशवरचा गणपती खाली पडते, अन् काळा पट्टा उमटते तो फक्त उजव्या चाकाचा. मिस्त्री म्हणते मागच्या सस्पेन्शनचे पाटे वाढव, दोस्त म्हणते डिक्कीत सरकीचं पोतं टाक. काय करू?

पाटा_कमान
पोतं नको टाकू बाप्पा, ब्रेक मारला का ते मागच्या सीटवर येऊन आदळन. तुह्ये पाटे पिळून राह्यले. चाक जमिनीले रेटते तेव्हा हाउसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचं कवच) उलटं फिरायले पाह्यते, पिनियनचं (शाफ्ट जिथं त्यात शिरते तिथल्या गिअरचं) नाक वर उचलते, पाटा एससारखा वाकते, ग्रिप सुटली का झटक्यात सरळ, धरली का पुन्हा वाकडा, तेच तुह्यं धडधड. नुसते पाटे वाढवून गाडी टणक होईन, दुखणं तसंच राहीन. सेंटर बोल्टच्या पुढचा अर्धा पाटा क्लिपा मारून घट्ट बांध, मागच्या अर्ध्याच्या क्लिपा ढिल्या ठेव. मंग खालून ट्रॅक्शन बार (पाटा पिळू न देणारा लोखंडी दांडा) लाव, यू बोल्टच्या प्लेटले पक्का, अन् पुढच्या टोकावर रबराचा गुटका. तो गुटका पाट्याच्या पुढच्या बुशच्या बरोबर खाली आला पायजे. लोकं बार आखूड बनवते, गुटका पाट्याच्या मधातच आपटते अन् पाटा तिथंच तुटते.

गिअरचा_नाद
वरच्या भाऊचं बरोबर. उजवंच चाक काहून फिरते ते सांगतो. इंजिनकडून मागं येणाऱ्या शाफ्टचा पीळ हाउसिंगवर येते, त्यानं उजवी बाजू हलकी होते, अन् साधं डिफरेन्शियल (दोन्ही चाकांत जोर वाटणारे गिअर) हलक्याच चाकाले फिरवते. बॅटरी बॉनेटमधून काढून डिक्कीत उजवीकडे बोल्टनं कसून बसव, ते फुकटचं वजन आहे.

अन् गाडी मागून बसली म्हणजे वजन मागं गेलं असं समजू नका लेको. वजन किती मागं जाईन ते गाडी किती जोरात सुटते, वजन किती उंचीवर आहे अन् व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) केवढा आहे यावर. बसणं वेगळं. शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) जोडी सुटताना बैल मागचे पाय रोवते न, तसं चाक दाबलं गेलं पायजे. पुढचे शॉकअप मात्र उघडताना नरम पायजे, नाक लवकर उठते.

पाटा_कमान
हवेचं राह्यलं. स्लिक टायर (शर्यतीचे, बिननक्षीचे) ८-१० पीएसआयवर चालवते म्हणून साध्या रेडियलची तेवढी उतरवू नको, टायर रिम सोडन. थोडी थोडी काढ अन् पट्टा पाह्य. मधात जास्त काळा तं हवा जास्त, दोन्ही कडा काळ्या तं कमी.

वणीवाला_१८००
आता समजलं. बार उद्याच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतो. पिनियनचा अँगल किती ठेवू?

गिअरचा_नाद
नुसत्या पाट्यावर शाफ्टच्या हिशोबानं नाक ५-७ डिग्री खाली ठेवते, बार लावल्यावर ३-४ पुरे. पाटा अन् हाउसिंगच्या मधात तिरपी पाचर टाकून जमते. पण शाफ्टचा क्रॉस (जोडाचा सांधा) आधी पाह्य, तो ढिला असन तं अँगल मोजून काही फायदा नाही.