हिवाळ्यात बाईक चार महिने उभी: आधी काय उघडू, नवीन काय लावू?

धुक्यातला_रायडर

मंडळी, पहिला बर्फ पडायच्या आत बाईक गॅरेजमध्ये घेतली. रस्त्यावर टाकलेलं मीठ धुऊन जाईपर्यंत, म्हणजे किमान चार महिने, ती बाहेर काढायची नाही. गॅरेजला छप्पर आहे, हीटर नाही. रात्री आत पारा शून्याखाली जातो.

गाडी ६५० सीसी, पॅरलल ट्विन, इंजेक्शनवाली, कूलंटवाली. आठ वर्षं जुनी आणि मी दुसरा मालक. आधीच्या मालकाने इंजिन ऑईल सोडून कशाला हात लावला असेल असं वाटत नाही. माझ्याकडे पाने, गोटी सेट, टॉर्क रेंच आणि सर्व्हिस मॅन्युअल आहे. हात बऱ्यापैकी चालतो, पण फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय, म्हणजेच पुढचा शॉकअप) वगैरे कधी खोललेला नाही.

हिवाळ्यात करायचं म्हणून ठरवलंय ते असं: नवीन सायलेन्सर, गरम होणाऱ्या ग्रिप, हेडलाईटला एलईडी, मोबाईलसाठी चार्जर. सगळं एकदम परवडणार नाही, मग कशापासून सुरुवात करू? दुसरं म्हणजे दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं तर चालेल ना? बॅटरी काढायलाच हवी का?

जाता जाता: पुढचा ब्रेक हल्ली जरा मऊ लागतो, खड्ड्यात पुढचा शॉकअप खाली आपटतो आणि सरळ रस्त्यावर हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटतं. टायर जुने झाल्यामुळे असेल का?

क्लचप्लेट

बॅटरी काढून घरात आणा आणि मेंटेनरवर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा. टाकी गळ्यापर्यंत भरा. रविवारी दहा मिनिटं चालू करा, ऑईल फिरलेलं बरं. आणि एलईडी आधी लावा, फरक पहिल्याच रात्री कळतो.

जुना_पाना

क्लचप्लेटभाऊ, बॅटरीचं आणि टाकीचं बरोबर. रविवारचं मात्र अजिबात नको.

एक लीटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लीटरभर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं आणि थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली ऑईलमध्येही उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. शून्याखालच्या गॅरेजात दहा मिनिटं आयडलवर ठेवलं तर कूलंटचा काटा वर येतो, पण ऑईल थंडच राहतं. मग ते पाणी आतच थिजतं आणि सायलेन्सर आतून गंजायला लागतो. ऑईलच्या टोपणाखाली पांढरट साय धरलेली दिसली तर ती याचीच. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं आयडलवर परत भरत नाही. अर्धा-पाऊण तास चालवून आणता येत असेल तरच चालू करा, नाहीतर चावी काढून खिशात ठेवा.

इंजिन ऑईल आत्ता बदला, वसंतात नाही. लोक उलटं करतात. जळक्या ऑईलमध्ये आम्ल आणि पाणी असतं, ते चार महिने बेअरिंगांवर कशाला बसू द्यायचं? टाकीत आधी स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) घाला, मग गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून आणा, म्हणजे ते पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचेल. गरम असतानाच ऑईल सोडा आणि फिल्टरसकट नवीन भरा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून टाकी भरलेली हवी. टाकी पत्र्याची असेल तर दुप्पट कारण, कारण रिकाम्या भागातच गंज धरतो.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना फ्रेमला लागला तरी ठिणगी उडायला नको, एवढंच त्यामागचं कारण. साधी लेड-ॲसिड किंवा एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) असेल तर काही तास निवांत ठेवल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.४ च्या खाली आली की चार्ज करा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेली उणे दहाच्या आसपास गोठून फुटू शकते. लिथियम असेल तर तिचा चार्जर वेगळा, आणि शून्याखाली असताना तिला चार्ज करायचं नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही "जाता जाता" म्हणून लिहिलंय. ब्रेक मऊ, शॉकअप आपटतो, हँडल मधोमध अडकतं. आणि पैसे घालायचे सायलेन्सरवर! तुमचा हिवाळा या तीन गोष्टींचा आहे. आठ वर्षांपूर्वी ही गाडी कशी चालत होती ते तुम्हाला माहीतच नाही, कारण तेव्हा ती तुमची नव्हती. तिथपर्यंत ती परत नेली तरी नवीन गाडी घेतल्यासारखं वाटेल.

हँडलचं आधी तपासा. पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि हँडल एका बोटाने हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मधोमध टिक्‌कन बसत असेल तर कोनसेट (हँडल ज्यांवर फिरतं त्या बेअरिंग) गेला. वर्षानुवर्षं सरळ चालवताना बॉल एकाच जागी आपटतात आणि वाटीत खळगे पडतात. ग्रीस भरून किंवा नट आवळून ते जात नाहीत, आवळलं तर उलट वाढतं. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढून बघा. खुळखुळ जाणवली तर कोन सैल आहे.

ब्रेकचं बोलायचं तर ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ४ (ब्रेक ऑईलचा एक दर्जा) नवीन असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी प्यायलेलं असलं की ही मर्यादा १५५ वर येते. उतारावर सतत ब्रेक दाबला की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर ग्रिपला टेकतो. टोपणावर लिहिलेलंच ऑईल भरा. डॉट ५.१ चालतं, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सोलून निघेल.

धुक्यातला_रायडर

पाना साहेब, आत्ता बघून आलो. टिक्‌ नाही, ठक्क म्हणण्याइतकं स्पष्ट बसतं मधोमध. म्हणजे टायर बिचारे निर्दोष.

मॅन्युअल वाचलं. चाक, कॅलिपर, फोर्क, वरचा योक (दोन्ही फोर्क पकडणारा तुकडा) सगळं उतरवायचंय. खालची बेअरिंग स्टेमवर (खालच्या योकच्या मधल्या दांड्यावर) प्रेसने बसवतात असं दिलंय, माझ्याकडे प्रेस नाही. हे घरी जमेल का? आणि एवढं उघडल्यावर शॉकअपचं पण करूनच टाकू का?

जुना_पाना

करूनच टाका. कोन बदलायला फोर्क काढावेच लागतात, तेव्हा आत्ता फोर्क ऑईल आणि ऑईल सील न बदलणं म्हणजे तेच काम दोनदा करणं. फोर्क ऑईल हे लोकांच्या डोक्यातच नसतं, कारण त्याला डिपस्टिक नाही आणि दिवा लागत नाही. बाहेर येईल ते काळं, वास मारणारं पाणी असेल, तयारी ठेवा. चाक हातात आहे तोवर चाकाच्या बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून बघा. खरखर लागली तर त्याही बदला.

कोन टेपर रोलरचे घ्या. बॉल एका बिंदूवर टेकतो आणि रोलर पूर्ण रेषेवर, त्यामुळे भार विभागला जातो आणि खळगे सहज पडत नाहीत. प्रेससाठी अख्खी गाडी कुठे न्यायची गरज नाही. खालचा योक स्टेमसकट सुटा होतो, तेवढा लेथवाल्याकडे न्या. फ्रेममधल्या वाट्या घरी बसवता येतात: नव्या वाट्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, आकसतात. जुनी वाटी वर ठेवून त्यावरून ठोका, नव्या वाटीच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर हातोडा लागता कामा नये. आवाज बद्द यायचा थांबून टणक आला की तळाला टेकली.

नट आवळताना आधी मॅन्युअलप्रमाणे जास्त टॉर्क देऊन रोलर बसवा, हँडल दोन्हीकडे बरेचदा फिरवा, मग सोडून शेवटच्या टॉर्कला आणा. रोलर नंतरही थोडे बसतात, म्हणून वसंतात काहीशे किलोमीटर झाले की पुन्हा तपासा.

शॉकअप आपटतो ते निव्वळ जुन्या ऑईलमुळे नसेल. कंपनीच्या स्प्रिंगा एका ठरावीक वजनाच्या माणसासाठी असतात. पूर्ण कपड्यांसह गाडीवर बसा आणि फोर्क किती खाली गेला ते मोजा. एकूण चाल १२० मिमी असेल तर ३० ते ४० मिमी ठीक. ५० च्या वर गेला तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते) वाढवल्याने गाडी वर उचलली जाते, स्प्रिंग कडक होत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की मी आता वाद घालणं सोडलंय. सायलेन्सरचे पैसे वजनाप्रमाणे स्प्रिंगांवर घाला. सायलेन्सरने काही किलो कमी होतील आणि आवाज बदलेल, पण वळणात गाडी तशीच डोलेल.

सर्किट

ग्रिपबद्दल माझे दोन शब्द. साधारण ३६ वॉटच्या ग्रिप १२ व्होल्टवर ३ अँपिअर खातात. हेडलाईटच्या वायरला जोड मारून घेऊ नका. बॅटरीतून थेट वायर, बॅटरीजवळच ५ अँपिअरचा फ्यूज, आणि मध्ये इग्निशनवर चालणारा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), म्हणजे चावी काढली की ग्रिप बंद. बसवल्यावर हेडलाईट आणि ग्रिप दोन्ही चालू ठेवून ३,००० आरपीएमला बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३.५ च्या वर राहिलं तर निश्चिंत. मोबाईल चार्जरही याच रिलेवरून घेता येईल, पण त्याला वेगळा फ्यूज द्या.

एच४ (साधा हॅलोजन बल्ब) च्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालण्याच्या मी विरोधात आहे. तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो. प्रकाश जास्त दिसतो, पण तो समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि बऱ्याच देशांत ते नियमातही बसत नाही. आधी हेडलाईटच्या अर्थिंगचा गंज काढा आणि काच स्वच्छ करा.

क्लचप्लेट

बरं, रविवारचं मागे घेतो. एलईडीचंही. चेनबद्दल कोणी बोललं नाही पण.

जुना_पाना

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला धरून ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला, नुसती चेन नको. ओ-रिंगवाली (कड्यांत रबरी रिंगा असलेली) असेल तर केरोसीन आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि तारेचा ब्रश रिंगांना मारतात. ढील मोजताना चाक फिरवत राहा आणि जिथे चेन सगळ्यात ताठ असेल तिथे मोजा.

धुक्यातला_रायडर

ठरलं. कोनसेट, फोर्क सील, ऑईल, स्प्रिंगा, डॉट ४ मागवतो. ग्रिप पैसे उरले तर. सायलेन्सर पुढच्या हिवाळ्यात.

एक अडचण आत्ता लक्षात आली. माझा पुढचा पॅडॉक स्टँड (चाक उचलून धरणारा) खालच्या योकच्या भोकात बसतो. तोच योक काढायचाय. मग गाडी उभी कशी ठेवायची?

जुना_पाना

बरं झालं आधी विचारलंत. तो स्टँड या कामाला निरुपयोगी, आणि फोर्कच्या पायाला धरणाराही. छताला मजबूत तुळई असेल तर फ्रेमच्या पुढच्या भागातून दोन पट्टे घालून टांगा. नसेल तर इंजिनखाली जॅक आणि मध्ये जाड लाकूड, पण ऑईल फिल्टर आणि सायलेन्सरच्या पाईपांवर भार येऊ देऊ नका. मागचं चाक पॅडॉकवर घट्ट हवं. अर्धवट उघडी गाडी कुणी धक्का दिला तरी हलता कामा नये.

आणि फोर्क योकमध्ये पकडलेले असतानाच, वरचा पिंच बोल्ट (योकमध्ये फोर्क आवळून धरणारा) सैल करून, फोर्कची वरची टोपणं पाव आटा फिरवून ठेवा. बाहेर काढल्यावर ती सुटत नाहीत.